शस्त्राला हात न लावणारं पात्र : मंकच घ्यावा की दुसरं काही?

अर्धवट_नकाशा

आमच्या गटाची नवी मोहीम सुरू होतेय. डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळायचा टेबलावरचा खेळ), २०२४ चे नियम, सुरुवात थेट तिसऱ्या लेव्हलपासून. गटात एक क्लेरिक (बरं करणारी पुजारीण), एक विझर्ड (जादूगार) आणि धनुष्यवाली रोग (लपून वार करणारी). पुढे उभं राहणारं कुणीच नाही, त्यामुळे ती जागा माझ्याकडे आली आहे.

आधीच्या दोन्ही मोहिमांत मी तलवारवाला फायटर खेळलो. या वेळी एकच अट घालून घेतली आहे : पात्राच्या हातात शेवटपर्यंत शस्त्र येणार नाही. काठी नाही, खंजीर नाही, अडीनडीला उचललेलं स्टूलसुद्धा नाही.

मंक (हातापायांनी लढणाऱ्या साधकाचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) हे सरळ उत्तर आहे, ते कळतं. पण मठ, गुरू, ध्यान ही चौकट मला मनातून येत नाहीये. माझ्या डोळ्यांसमोर आहे ती एका किल्ल्याच्या तळघरातली तुरुंगरक्षक. वीस वर्षं तिने एकच काम केलं : अंगावर धावून येणाऱ्या माणसाला इजा न करता धरून ठेवायचं. कोठडीत शस्त्र न्यायचं नाही हा तिथला नियम, कारण आत गेलेलं शस्त्र कैद्याच्या हाती लागू शकतं. ती सवय आता तिच्या हाडात मुरली आहे.

हे मंकवर बसेल का? की फायटर किंवा बार्बेरियन (संतापून लढणारा) घेऊन नुसत्या मुठींवर खेळावं? आणि नुकसानाच्या आकड्यांत मी किती मागे पडेन?

वीस_आला

मंकच घ्या. २०१४ चा मंक आणि आताचा मंक यांत फार फरक पडला आहे. तेव्हा पहिल्या लेव्हलला मुठीचा फासा डी४ (चार बाजूंचा) होता, आता डी६ आहे. पाचव्याला डी८, अकराव्याला डी१०, सतराव्याला डी१२. पूर्वी जादा छोट्या कृतीचा, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनचा ठोसा मिळण्यासाठी आधी हल्ला करावा लागायचा, ती अटही गेली.

हिशेबनीस

आकडे विचारलेत म्हणून मांडतो. पाचवी लेव्हल धरा, मुख्य गुण १८, म्हणजे फाशावर +४.

मंकचा एक ठोसा डी८+४, सरासरी ८.५. दोन हल्ले अधिक बोनसचा एक, असे तीन. सगळे लागले तर २५.५. एक फोकस पॉइंट (मंकची मोजकी शक्ती) खर्च करून फ्लरी (बोनसमध्ये एकाऐवजी दोन ठोसे) केली तर चार ठोसे, ३४.

फायटरने अनआर्म्ड फायटिंग ही स्टाइल घेतली आणि दोन्ही हात मोकळे ठेवले तर त्याचाही फासा डी८ होतो. पण हल्ले दोनच, म्हणजे १७. त्याच फायटरच्या हातात ग्रेटसोर्ड दिली तर २डी६+४ च्या हिशेबाने दोन हल्ल्यांचे २२. म्हणजे तलवार खाली ठेवण्याची किंमत दर फेरीला ५. त्यातलं थोडं परत मिळतं, कारण या स्टाइलमध्ये तुम्ही ज्याला धरून ठेवलंय त्याला तुमच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला डी४ नुकसान देता येतं. शिवाय फायटर प्लेट (पूर्ण चिलखत) घालू शकतो, एसी (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १८. मंकचा एसी १० अधिक डेक्स (चपळाई) अधिक विझडम, म्हणजे या लेव्हलला फार तर १७. हिट पॉइंटचा (जीव मोजण्याचा) फासाही फायटरचा डी१०, मंकचा डी८.

बार्बेरियनचा रेज (संताप) मुठीला लागू होतो, ठोसा स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) असला की झालं. पण मुठीचा फासा वाढवणारं त्याच्याकडे मुळात काहीच नाही. टॅव्हर्न ब्रॉलर ही फीट (निवडायचं खास कौशल्य) घेतली तरी डी४. केवळ आकड्यांवर ठरवायचं असेल तर मंक पहिला, फायटर दुसरा आणि बार्बेरियन बराच मागे.

निशाचर

हिशेब बरोबर आहे, पण या पात्राला तो प्रश्नच चुकीचा आहे असं मला मनापासून वाटतं. मी सलग तीन वर्षं निःशस्त्र पात्रं खेळतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तलवारवाला माणूस समोरच्याचे हिट पॉइंट कमी करतो. मोकळ्या हाताचा माणूस समोरचा कुठे उभा राहील ते ठरवतो. हे एकदा डोक्यात बसलं की मुठीचा फासा डी८ की डी१० याचं ओझं उतरतं. २०२४ च्या नियमांत अनआर्म्ड स्ट्राइक म्हणजे नुसता ठोसा नाही. त्यात तीन गोष्टी येतात : नुकसान, ग्रॅपल (धरणं) आणि शव्ह (ढकलणं किंवा पाडणं). प्रत्येक वेळी तिन्हींतली एक निवडायची. मंकला बोनस अ‍ॅक्शनमध्ये जो स्ट्राइक मिळतो तोही हाच. फ्लरीतले दोन्ही हेच. म्हणजे तिसऱ्या लेव्हलला तुमच्या एका पाळीत तीन वेळा हात चालतो, आणि तिन्ही वेळा तो काय करेल हे तुमच्या मर्जीवर.

उदाहरण घ्या. अ‍ॅक्शनमध्ये धरलं : त्याचा वेग शून्य. फ्लरीच्या पहिल्या हाताने खाली पाडलं. उठायला निम्मा वेग खर्च करावा लागतो, आणि वेग शून्य असलेल्याला उठताच येत नाही. दुसऱ्या हाताने ठोसा, आता दोन फासे टाकून मोठा धरायचा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेजने. तो पकड सोडवत नाही तोवर जमिनीवरच, त्याचा प्रत्येक हल्ला दोनांतला लहान फासा धरून, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेजने, आणि सोडवायला त्याची अख्खी अ‍ॅक्शन जाते. एका फोकस पॉइंटात एक शत्रू लढाईतून जवळपास बाहेर.

आणि तुमच्या तुरुंगरक्षकाला नेमकं हेच येतं ना?

जुन्या नियमांत पकडीसाठी अ‍ॅथलेटिक्सची चुरस व्हायची. त्यामुळे रेजमधला बार्बेरियन किंवा अ‍ॅथलेटिक्समध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घेतलेला बार्ड (गायक-जादूगार) हे पकडीचे राजे होते. आता समोरच्याने स्ट्रेंग्थ किंवा डेक्सचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा, आणि तुमचा डीसी (त्याने गाठायचा आकडा) ८ अधिक गुण अधिक प्रोफिशिअन्सी (प्रावीण्याचा अंक). रेजचा अ‍ॅडव्हान्टेज इथे येतच नाही, एक्स्पर्टीजही नाही. मंकला मात्र या डीसीसाठी स्ट्रेंग्थऐवजी डेक्स वापरता येतं. म्हणजे ताकदीचा गुण ८ असलेली सडपातळ बाई आडदांड माणसाला तितक्याच खात्रीने धरू शकते. वीस वर्षांचा सराव कागदावर याहून चांगला दिसणार नाही.

चौथ्या लेव्हलला ग्रॅपलर फीट घ्या, डेक्स १७ असेल तर त्यातूनच १८ होतं. मग अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमधला एक ठोसा लागला की त्याच ठोशात नुकसान आणि पकड दोन्ही, पाळीत एकदा. धरलेल्यावर तुमचे हल्ले अ‍ॅडव्हान्टेजने. आणि धरलेला तुमच्याएवढा किंवा तुमच्याहून लहान असेल तर त्याला ओढत नेताना तुमचा वेग कमी होत नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. मंकचा वेग चौथ्या लेव्हलला ४० फूट असतो.

अर्धवट_नकाशा

हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. मी मुठींचा विचार करत होतो, पंजांचा नाही. एक शंका : आमची रोग दुरून बाण मारते. मी शत्रूला आडवं पाडलं तर तिला त्रास होईल का?

पाठीमागून

होईल, आणि मोठा होईल. मी चार मोहिमा रोगच खेळलोय, हे अनुभवातून सांगतो.

आडव्या पडलेल्यावर पाच फुटांपलीकडून मारलेला बाण डिसअ‍ॅडव्हान्टेजने जातो. आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज आला की रोगचा जादा नुकसानाचा वार, म्हणजे स्नीक अ‍ॅटॅक संपला. आमच्या गटातला फायटर दर फेरीला प्रेमाने शत्रूला खाली पाडायचा आणि मी दर फेरीला डोकं धरून बसायचो. दोघांनाही आपण बरोबर खेळतोय असं वाटत होतं. तीन सत्रांनी आम्ही बोललो तेव्हा उलगडा झाला.

त्यामुळे तुमच्यानंतर लगेच तिची पाळी असेल तर नुसतं धरा, पाडू नका. तुम्ही शत्रूला खेटून उभ्या आहात एवढ्यावरच तिचा स्नीक अ‍ॅटॅक लागू होतो. क्रम ठरला की पहिल्याच सत्रात तिच्याशी बोलून घ्या.

जुनी_वही

धागा छान चाललाय. मंकचा मागचा प्रवास थोडक्यात मांडते, कारण निशाचर यांच्या मुद्द्याशी तो जुळतो.

हा क्लास पहिल्यांदा आला १९७५ मध्ये, डेव्ह आर्नेसन यांच्या ब्लॅकमूर पुरवणीत. १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तो होता, पण अटी कडक : स्ट्रेंग्थ, विझडम आणि डेक्स तिन्ही किमान १५. वरच्या लेव्हलना जागा मोजक्या. आठव्या लेव्हलचे तीनच मंक, त्याच्या वर प्रत्येक लेव्हलला एकच. वर जायचं तर त्या जागेवर बसलेल्याला शस्त्र आणि जादूविना झुंजीत हरवायचं, हरलात तर एक लेव्हल खाली. सतराव्या लेव्हलच्या मंकला ‘फुलांचा महागुरू’ अशा अर्थाचं बिरुद होतं. मला ते आजही फार सुंदर वाटतं.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून मंक गळाला आणि २००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीत परत आला. तिथे एक मोठी गाठ बसली होती. त्याला वेग भरपूर दिला, आणि फ्लरीही दिली. पण फ्लरीसाठी पूर्ण पाळी लागायची, तेव्हा जास्तीत जास्त पाच फूट सरकता यायचं. म्हणजे धावलात तर एकच ठोसा, आणि फ्लरी करायची तर जागेवर उभं राहायचं. ज्या पात्राचा जीव हालचालीत आहे, त्याचे पायच नियमांनी बांधले होते.

चौथ्या आवृत्तीत मंक २०१० मध्ये तिसऱ्या प्लेअर्स हँडबुकातून आला. तिथे त्याच्या कित्येक डावांचे दोन भाग असायचे, एक हल्ल्याचा आणि एक हालचालीचा. ती आवृत्ती अनेकांना आवडली नाही. पण मंक कुणाला खरा कळला असेल तर तो तिला, असं माझं मत आहे.

२०२४ मध्ये ‘की’ हा शब्द जाऊन फोकस पॉइंट आले. तुमच्या तुरुंगरक्षकाला याचा थेट फायदा आहे. मठ हा आता क्लासचा भाग राहिलेला नाही. अनेक वर्षांच्या एकाग्र सरावातून आलेलं कसब, एवढंच त्यात उरतं.

तीन_अ‍ॅक्शन

पाथफाइंडर या डीएनडीसारख्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. प्रश्न डीएनडीचा आहे हे माहीत आहे, पण निःशस्त्र पात्रांसाठी मला याहून समृद्ध खेळ दिसला नाही. पुढच्या मोहिमेसाठी तरी ध्यानात असू द्या.

इथे प्रत्येक पाळीत तीन अ‍ॅक्शन. मंकची फ्लरी म्हणजे एका अ‍ॅक्शनमध्ये दोन हल्ले, पाळीत एकदा. मग उरतात दोन. बहुतेक नवे खेळाडू त्यातही हल्लेच करतात, आणि पुढच्या हल्ल्यांना −१० पर्यंतचा फटका बसून ते वाया जातात. खरा खेळ असा : एका अ‍ॅक्शनने जवळ जा, दुसरीने फ्लरी, तिसरीने दूर व्हा. आता समोरच्याला तुमच्यापर्यंत यायला त्याची एक अ‍ॅक्शन घालवावी लागते. ज्या राक्षसाची ताकद तीन अ‍ॅक्शनच्या एका भयंकर डावात आहे, त्याला तो डावच करता येत नाही. एकही अंक न बघता तुम्ही त्याचा एक तृतीयांश वेळ खाल्लात.

पवित्र्यांची मजा तर वेगळीच. ड्रॅगनच्या पवित्र्यात लाथ डी१०. वाघाच्या पवित्र्यात पंजा डी८ आणि चपळ, म्हणजे पुढच्या हल्ल्यांना दंड कमी. बगळ्याच्या पवित्र्यात फासा डी६ च, पण एसीला +१. सहाव्या लेव्हलला धरलेल्याला उचलून फेकायची एक फीट आहे : १० फूट, अधिक स्ट्रेंग्थच्या प्रत्येक अंकामागे ५. स्ट्रेंग्थ +४ असेल तर ३० फूट. गडाच्या तटावर लढाई असेल तर पुढचं सांगायला नको.

आणि शस्त्र न धरण्याचं पक्कं कारण हवं असेल तर तिथला अ‍ॅनिमल इन्स्टिंक्टवाला बार्बेरियन पाहा. संतापात असताना शस्त्र वापरणं हे त्याला निषिद्धच आहे. नियम आणि कथा तिथे एकाच धाग्यात ओवलेत.

पडद्यामागे

मी मुख्यतः डीएम (खेळ चालवणारा) असतो. तिकडची बाजू सांगतो, कारण निःशस्त्र पात्र खेळाडूच्या चुकीपेक्षा डीएमच्या विसरण्याने जास्त मरतं.

पहिलं, खजिना. प्रत्येक साहसात मंतरलेल्या तलवारी, भाले, धनुष्यं सापडतात, आणि मुठीवाल्याच्या वाट्याला काही येत नाही. सात-आठ सत्रांत तो मागे पडतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. २०२४ च्या डीएम गाइडमध्ये मुठींना बांधायच्या जादुई पट्ट्या आहेत, +१ पासून +३ पर्यंत. तुमच्या डीएमला आजच सांगून ठेवा. पाथफाइंडरमध्येही हातपट्ट्या आहेत, त्यांवर तलवारीसारखेच रून (जादुई अक्षरं) कोरता येतात.

दुसरं, आकार. स्वतःपेक्षा एकच आकार मोठ्याला धरता येतं. माणूस लार्जला धरेल, ह्यूज ड्रॅगनला नाही. गोलायथ (महाकाय लोकांचा वंश) घेतला तर पाचव्या लेव्हलपासून तो दिवसातून एकदा दहा मिनिटं स्वतः लार्ज होऊ शकतो, मग ह्यूजही टप्प्यात येतो. तुरुंगरक्षक गोलायथ असेल तर चित्र अधिकच छान जमेल.

तिसरं, उडणारे शत्रू. इथे माझ्या मनातली एक गोष्ट सांगतो. खूप आधी मी स्वतः मंक खेळत होतो. पाचव्या लेव्हलनंतर आमच्या डीएमने जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शत्रू उडणारा आणला. माझ्या पाळीला मी ‘खाली उभा राहून वाट बघतो’ असं म्हणायचो. तीन सत्रांनंतर मी ते पात्र बदललं. राग त्या उडणाऱ्यांचा नव्हता, मला काहीच करता येणार नाही हे माहीत असूनही ते पुन्हा पुन्हा आणल्याचा होता. आता मी डीएम असतो तेव्हा उडणारा शत्रू आणला तर छत, झुंबर, झाडाची फांदी, उंच पायऱ्या असं काहीतरी शेजारी ठेवतोच. पाय ठेवायला जागा द्या, मंक पोचतो.

वीस_आला

उडणाऱ्यांवरून : वॉरियर ऑफ द एलिमेंट्स हा मंकचा उपक्लास घेतला तर मुठीची पोच १० फुटांनी वाढते, आणि सेव्ह चुकला तर समोरच्याला १० फूट ओढता किंवा ढकलता येतं. अकराव्या लेव्हलला उडताही येतं.

निशाचर

आणि डिफ्लेक्ट अ‍ॅटॅक्स विसरू नका, ते तिसऱ्या लेव्हललाच मिळतं. लागलेल्या हल्ल्यातून डी१० अधिक डेक्स अधिक मंक लेव्हल एवढं नुकसान कमी. शून्यावर आलं तर एक फोकस पॉइंट देऊन तेच समोरच्यावर उलटवता येतं, दुरून आलेला हल्ला असेल तर ६० फुटांपर्यंत. शस्त्र न धरणाऱ्या पात्राला दुरून मारायचा हा एक सुंदर मार्ग आहे. तिच्या हातात बाण असतो तो फक्त क्षणभर, आणि तोही दुसऱ्याचा.

अर्धवट_नकाशा

ठरत आलंय. मंक, गोलायथ. आता उपक्लास. ओपन हँड साधा आणि भक्कम वाटतो, पण मर्सी मनात घर करून आहे. ज्या हातांनी धरलं त्याच हातांनी कैद्याच्या जखमा बांधल्या असतील. आणि आमची क्लेरिक एकटीच बरं करणारी आहे.

शिवाय क्लेरिकने विचारलंय, तुझ्याबरोबर मी कोणते मंत्र तयार ठेवू?

निशाचर

मर्सी घ्या. एका फोकस पॉइंटात बरं करता येतं, आणि फ्लरीतला एक ठोसा सोडला तर वेगळा पॉइंटही लागत नाही. एकाला मारून त्याच पाळीत दुसऱ्याला उभं करता येतं.

क्लेरिकचं विचारलंत, तर एकच मंत्र सांगते : सायलेन्स, ज्यात आवाजच उमटत नाही आणि उच्चाराचे मंत्र टाकता येत नाहीत. दुसऱ्या लेव्हलचा आहे, २० फूट त्रिज्येचा गोल, दहा मिनिटं. एकटा टाकला तर त्याचा फार उपयोग होत नाही, कारण जादूगार चालत बाहेर पडतो. पण तुम्ही सोबत असाल तर तो बाहेर पडत नाही.

आमच्या टेबलावर घडलेलं सांगते. भूमिगत दालन, मधोमध चौथऱ्यावर एक जादूगार, त्याने मागच्या वेळी आमचे दोघे जण जवळजवळ मारले होते. आमच्या क्लेरिकने चौथऱ्यावर सायलेन्स टाकला. डीएमने टेबलावरचं संगीत बंद केलं. मी पाचव्या लेव्हलला होते, वेग ४०, मध्ये दोन पहारेकरी. एक पॉइंट खर्चून स्टेप ऑफ द विंड केलं, त्यामुळे त्यांना हल्ल्याची संधीच मिळाली नाही, आणि थेट त्याच्यापुढे पोचले. पहिला ठोसा लागला, स्टनिंग स्ट्राइक (समोरच्याला बधिर करणारा ठोसा) जाहीर केला. तो कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हमध्ये हरला. दुसऱ्या हल्ल्यात पकड. स्टन झालेला स्ट्रेंग्थ आणि डेक्सचे सेव्ह आपोआप हरतो, त्यामुळे फासा टाकायचीही गरज पडली नाही.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. २०२४ मध्ये स्टनच्या वर्णनातून हलता येत नाही हे वाक्य गेलंय. नुसतं स्टन करून सोडलं तर तो आपल्या पाळीत चालत शांततेबाहेर जाऊ शकतो. म्हणून स्टननंतर पकड हवीच.

पुढच्या पाळीला त्याला शुद्ध आली तेव्हा डीएमने म्हटलं, ‘तो मिस्टी स्टेप करतो... नाही, करत नाही.’ मिस्टी स्टेपला (क्षणात दुसरीकडे जाण्याच्या मंत्राला) फक्त उच्चार लागतो, आणि तिथे उच्चारच नव्हता. त्याने दोनदा सुटायचा प्रयत्न केला. दालनात आवाज फक्त बाहेरच्या लढाईचा. मी त्याचं मनगट धरून उभी होते आणि त्या पूर्ण लढाईत मी केलेलं एकूण नुकसान २० च्याही आत होतं. पण तो एकही मंत्र टाकू शकला नाही.

पाठीमागून

हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या क्लेरिकला हा धागा पाठवतोय.

हिशेबनीस

माझं आधीचं मत थोडं बदलतो. नुकसानाच्या तक्त्यात एका जादूगाराने न टाकलेले मंत्र धरायला जागाच नाही. फायरबॉलचे ८डी६, सरासरी २८, तिघांना लागला असता तर ८४. ते न झालेलं नुकसान तुमच्या खात्यात मांडायला हवं.

एक सूचना मात्र. पॉइंट जपून. पाचव्या लेव्हलला पाचच असतात. तुम्ही वर्णन केलेल्या एका पाळीत दोन गेले. छोटी विश्रांती मिळाली की सगळे परत येतात, शिवाय दिवसातून एकदा इनिशिएटिव्हच्या (पाळ्यांचा क्रम ठरवण्याच्या) वेळी सगळे भरता येतात. गट छोट्या विश्रांती घेत नसेल तर मंकचे हाल होतात, हे आधीच सगळ्यांशी बोलून घ्या.

अर्धवट_नकाशा

काल पहिलं सत्र झालं. सगळ्यांना सांगायला हवं म्हणून आलो.

डीएमच्या जगातलं नाव हवं होतं. तिचं नाव ओर्धा. गोलायथ, तिसरी लेव्हल, मर्सी. डेक्स १७, विझडम १६. तुरुंग बंद पडला, शेवटचा कैदी सुटला, आणि आता ती त्याच कैद्याच्या शोधात आहे, कारण तो निर्दोष होता हे तिला उशिरा कळलं. हा भाग डीएमने उचलून धरला.

लढाई एका बुरुजाच्या जिन्यात झाली. वरून दोन लुटारू, खालून एक, आणि समोरच्या सज्जात एक तिरंदाज. मी पुढच्या लुटारूला धरलं. डीसी १३, त्याने ९ टाकला. पाडलं नाही, कारण नंतर रोगची पाळी होती. तिचा बाण स्नीक अ‍ॅटॅकसकट त्याच्या खांद्यात बसला. जिना अरुंद, त्यामुळे मागच्याला पुढे यायला जागाच नव्हती. मी धरलेला माणूसच आमचं दार झाला.

मग सज्जातून बाण आला, ७ नुकसान. मी डी१० वर ५ टाकला, अधिक ६, म्हणजे ११. शून्य. एक पॉइंट दिला आणि बाण परत पाठवला. तिरंदाजाने सेव्ह चुकवला, २डी६+३ मध्ये त्याला १२ बसले आणि तो सज्जातच कोसळला. टेबलावर सगळे ओरडले. डीएमने मला विचारलं, ‘ओर्धाने शस्त्र वापरलं का?’ मी म्हटलं, तिने आलेली वस्तू परत केली.

धरलेला लुटारू शेवटी एका ठोशात शून्यावर आला. मी डीएमला सांगितलं, मारत नाही, बेशुद्ध. मग शेवटचा फोकस पॉइंट वापरून त्याच्यावरच हात ठेवला आणि त्याला थोडं बरं केलं. तो शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट बोलला ती आम्हाला हव्या असलेल्या कैद्याबद्दल.

एक नियम विचारायचा राहिला. माझे दोन्ही हात दोघांना धरण्यात गुंतले असतील तर ठोसा मारता येतो का?

निशाचर

येतो. पकडीसाठी मोकळा हात लागतो, ठोशासाठी नाही. अनआर्म्ड स्ट्राइक म्हणजे मूठ, लाथ, डोक्याची धडक, काहीही. दोघांना धरून तिसऱ्याला लाथ मारता येते. फक्त तिसरी पकड नाही, आणि कुणाला बरं करायचं असेल तर डीएमला विचारून एक हात सोडा, कारण मर्सीचं बरं करणं स्पर्शाने होतं आणि धरलेल्या हाताने तो स्पर्श मानायचा का, हे टेबलावर ठरवलेलं बरं.

ओर्धाला तो कैदी सापडला की इथे लिहा.